सहा गाड्यांची शर्यत : इंडियानापोलिस, १९ जून २००५

१

'फॉर्म्युला वन' या नावातला 'फॉर्म्युला' हा शब्द आपण सहसा विचार न करता उच्चारतो. ऐकणाऱ्याला वाटते, यात काही वेगाचे, यंत्राचे किंवा रसायनाचे सूत्र दडलेले असावे. वास्तविक त्याचा अर्थ 'नियमसंहिता' एवढाच आहे. इंजिन किती क्षमतेचे असावे, गाडीचे किमान वजन किती असावे, पुढचा पंख जमिनीपासून किती उंचीवर असावा, अशा अटींची एक यादी. त्या यादीत जी बसते ती गाडी 'फॉर्म्युला'ची. म्हणजे हा असा खेळ आहे की ज्याच्या नावातच नियम आहे. १९५० साली त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि तेव्हापासून आजतागायत ती यादी जवळजवळ दरवर्षी खोडली, दुरुस्त केली आणि नव्याने लिहिली गेली आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारींच्या शर्यतीवर का लिहावे, असा प्रश्न या पानांच्या वाचकांना पडला तर तो गैर नाही. माझे उत्तर साधे आहे. आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो की काव्यशास्त्रात लक्ष्य आधी असते आणि लक्षण नंतर येते. कवी लिहितो, मागाहून शास्त्रकार त्यातून नियम काढतो. खेळात याच्या उलट असते असे आपण गृहीत धरतो : नियम आधी ठरतात, मग खेळ होतो. मोटार-शर्यतींचा इतिहास पाहू गेल्यास मात्र हे गृहीत डळमळते. तिथला प्रत्येक नवा नियम म्हणजे आदल्या वर्षीच्या शर्यतींवरचा एक अभिप्राय असतो. नियम खेळाचे वर्णनही करतो आणि त्याला वळणही लावू पाहतो. हे दुहेरी काम करताना नियम कोणाच्या बाजूने उभा राहतो, हा प्रश्न चाहते एकमेकांना विचारत राहतात. साहित्याच्या अभ्यासकांच्या वादाशी तो वाद फार दूरचा नाही, हे मला उशिरा समजले. ते समजले त्या शर्यतीविषयी प्रस्तुत लेख आहे.

२

नियम आणि वरचष्मा यांचे नाते जुने आहे. १९७८ साली लोटस संघाने गाडीच्या पोटाखालची हवा अशी खेळवली की गाडी रस्त्याला चिकटून वळणे घेऊ लागली. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबम संघाने गाडीच्या मागे चक्क एक मोठा पंखा बसवला. निकी लाउडाने ती शर्यत जिंकली आणि त्यानंतर ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. १९८३ पासून गाडीचा तळ सपाट असावा असा नियम आला आणि लोटसने दाखवलेली वाट बंद झाली. पुढे १९९२ आणि १९९३ साली विल्यम्स संघाने संगणकाच्या मदतीने चालणारी निलंबनप्रणाली वापरून स्पर्धा एकतर्फी केली. १९९४ साठी अशा सर्व इलेक्ट्रॉनिक साहाय्यांवर बंदी आली. प्रत्येक वेळी कारणे सांगितली गेली ती सुरक्षिततेची आणि खर्चाची. ती खोटी होती असे म्हणता येत नाही. पण ज्या संघाची वाट बंद झाली त्याच्या चाहत्यांना त्यात एकच कारण दिसले : आमचे जिंकणे तुम्हाला बघवत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही पाळी फेरारीवर आली. १९९९ ते २००४ अशी सलग सहा वर्षे संघांचे विजेतेपद फेरारीकडे होते. २००० पासून सलग पाच वर्षे चालकांचे विजेतेपद मायकेल शूमाकरकडे होते. २००२ साली तर त्याने सहा शर्यती शिल्लक असतानाच, जुलै महिन्यात, विजेतेपद निश्चित केले. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रियाच्या शर्यतीत, संपूर्ण वेळ पुढे असलेल्या रुबेन्स बारिकेलोला त्याच्या संघाने शेवटच्या रेषेआधी वेग कमी करायला लावला आणि शूमाकरला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी हुर्यो केली. गोंधळलेल्या शूमाकरने बारिकेलोला विजेत्याच्या पायरीवर उभे केले. संघाचा हा आदेश त्या वेळच्या नियमात बसत होता, म्हणून त्याला शिक्षा झाली नाही. पण पारितोषिक-समारंभाचा शिष्टाचार मोडला म्हणून दंड झाला! पुढच्या वर्षी दोन नियम बदलले. निकालावर परिणाम करणारे संघाचे आदेश निषिद्ध ठरले. गुण आता पहिल्या सहांऐवजी पहिल्या आठ जणांना मिळू लागले आणि दुसऱ्या क्रमांकाचे गुण सहावरून आठ झाले, म्हणजे पहिल्यातले आणि दुसऱ्यातले अंतर चारवरून दोनवर आले.

एवढे करूनही २००४ साली १८ पैकी १५ शर्यती फेरारीने जिंकल्या. त्यातल्या १३ एकट्या शूमाकरच्या.

३

२००५ चे नियम या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. एक इंजिन दोन शर्यतींना पुरले पाहिजे. पुढचा पंख वर उचलायचा, मागचा पुढे सरकवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे : पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत टायरच्या एकाच संचावर पार पाडायची. तोवर शर्यतीच्या मध्यावर पिटमध्ये थांबून इंधन भरायचे आणि त्याच सात-आठ सेकंदांत चारही टायर बदलायचे, ही रीत होती. आता इंधन भरता येई, पण टायर बदलता येत नसे. टायर फुटला किंवा त्याला इजा झाली तरच अपवाद.

त्या वेळी टायर पुरवणाऱ्या कंपन्या दोन होत्या. जपानच्या ब्रिजस्टोनकडे फेरारी हा एकच बलाढ्य संघ होता आणि त्याच्या जोडीला जॉर्डन आणि मिनार्डी हे दोन गरीब संघ. उरलेले सातही संघ, म्हणजे रेनॉ, मॅक्लारेन, विल्यम्स, बीएआर, टोयोटा, सॉबर आणि रेड बुल, फ्रान्सच्या मिशेलिनचे टायर वापरत. मऊ, झटपट झिजणारे आणि शर्यतीत दोन-तीनदा बदलता येणारे टायर ही ब्रिजस्टोन-फेरारी जोडीची खासियत. त्यामुळे नव्या नियमाने सर्वाधिक नुकसान कोणाचे होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मी तेव्हा एम.ए.चा विद्यार्थी होतो. वसतिगृहाच्या टीव्हीच्या खोलीत रविवारी संध्याकाळी क्रिकेट नसेल तर शर्यत लागे. आमच्यात दोन तट होते. एक मित्र फेरारीचा निस्सीम भक्त. दुसरा मॅक्लारेनचा. मी दोघांच्या मध्ये बसत असे, आणि माझ्या मते निःपक्षपाती होतो. खरे तर शूमाकर हरावा अशी माझीही इच्छा असे, कारण सतत जिंकणाऱ्याचा कंटाळा येतो.

मार्च महिन्यात फेरारीवाल्याचे म्हणणे असे : "अरे, हा काय न्याय झाला? ज्याला पळता येतं त्याच्या पायात बेडी घालायची, आणि म्हणायचं आता शर्यत रंगेल!" मॅक्लारेनवाल्याचे उत्तर ठरलेले असे : "नियम सगळ्यांना सारखाच आहे. जमवून घ्या की."

हंगामाच्या पहिल्या आठ शर्यतींत फेरारीला एकही विजय मिळाला नाही. पाच रेनॉने जिंकल्या, तीन मॅक्लारेनने. इमोलाच्या शर्यतीत शूमाकर शेवटच्या फेऱ्यांमध्ये फर्नांडो अलोन्सोच्या मागे अक्षरशः चिकटून होता, पण चोवीस वर्षांचाही न झालेल्या त्या मुलाने वाट दिली नाही आणि पाव सेकंदाहूनही कमी अंतराने शर्यत जिंकली. त्या दिवशी आमचा फेरारीवाला मित्रही टाळ्या वाजवताना दिसला.

मग २९ मे रोजी न्यूरबुर्गरिंगची शर्यत झाली. मॅक्लारेनचा किमी रायकोनेन पुढे होता. जोरात ब्रेक लागल्याने त्याच्या एका टायरवर सपाट डाग पडला आणि चाक थरथरू लागले. थरथर वाढत गेली. टायर बदलावा तर शर्यत हातची जाणार आणि शिवाय नियमाचा अर्थ काय लावला जाईल याची धास्ती. न बदलावा तर धोका. संघाने न बदलण्याचे ठरवले. शेवटच्या फेरीच्या सुरुवातीलाच गाडीचे निलंबन मोडले, चाक लोंबकळले आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. अलोन्सो जिंकला. रायकोनेन सुखरूप होता. त्या रात्री मॅक्लारेनवाल्या मित्राने प्रथमच असे म्हटले की हा नियम मूर्खपणाचा आहे. फेरारीवाला शांतपणे उत्तरला, "नियम सगळ्यांना सारखाच आहे."

४

इंडियानापोलिसचे मैदान हे अमेरिकी मोटार-शर्यतींचे तीर्थस्थान. तिथला मूळ मार्ग लंबवर्तुळाकार आणि वळणांवर एका बाजूने उचललेला. फॉर्म्युला वनसाठी आतल्या भागात वेगळा वळणावळणाचा मार्ग तयार करून तो जुन्या लंबवर्तुळाच्या एका वळणाला जोडण्यात आला होता. हे तेरावे वळण. उतार असलेले, गाडी पूर्ण वेगात घ्यायची असे वळण त्या वर्षीच्या स्पर्धेत दुसरे नव्हते. तिथे टायरवर, विशेषतः डाव्या बाजूच्या मागच्या टायरवर, प्रचंड दाब येतो. शिवाय मैदानाचा पृष्ठभाग त्याच वर्षी घासून खरखरीत करण्यात आला होता. ब्रिजस्टोनच्या मालकीची फायरस्टोन ही कंपनी त्याच लंबवर्तुळावर अमेरिकी शर्यतींना टायर पुरवत असे, ही गोष्टही इथे लक्षात घेतली पाहिजे.

शुक्रवारी, १७ जून रोजी, सरावात टोयोटाच्या राल्फ शूमाकरचा मागचा टायर तेराव्या वळणावर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. त्याला शर्यत सोडावी लागली. मिशेलिनने तपासणी केली आणि आपले टायर त्या वळणावर संपूर्ण शर्यत टिकतील याची खात्री देता येत नाही असे कळवले. दुसऱ्या प्रकारचे टायर विमानाने मागवण्यात आले, पण त्यांचीही खात्री वाटेना.

इथून पुढचे दीड दिवस म्हणजे नियमाच्या अर्थाची शर्यत. मिशेलिनच्या संघांनी मागणी केली की तेराव्या वळणाआधी वेग कमी करणारा एक तात्पुरता वळसा घालावा. याला पूर्वाधार नव्हता असे नाही. १९९४ साली इमोलात आयर्टन सेना आणि रोलंड रात्सेनबर्गर यांचे मृत्यू झाल्यावर महिनाभरातच बार्सिलोनाच्या मार्गावर टायरांच्या राशी रचून असा वळसा तयार केला होता. शर्यत पुढे ढकलण्यालाही पूर्वाधार होता. १९८५ साली बेल्जियमच्या स्पा येथे नवे डांबर उखडू लागल्यामुळे जूनमधली शर्यत सप्टेंबरमध्ये घेण्यात आली होती.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने मात्र नकार दिला. महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले आणि शर्यत-संचालक चार्ली व्हायटिंग यांची भूमिका स्पष्ट होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्ग बदलला तर योग्य टायर घेऊन आलेल्या संघांवर अन्याय होतो. बदललेल्या मार्गाची सुरक्षितता तपासलेली नाही. मिशेलिनच्या चालकांनी त्या वळणावर वेग कमी करावा, नाहीतर दर फेरीला पिटच्या वाटेने जावे, नाहीतर गरज पडेल तसा टायर बदलावा आणि त्याचे परिणाम भोगावेत. दहापैकी नऊ संघ वळशाला अनुकूल होते. फेरारीने त्यात सामील होण्यास नकार दिला. हा निर्णय महासंघाचा आहे, आमचा नाही, असे त्यांचे म्हणणे.

रविवारी मैदानात लाखभर प्रेक्षक होते. वीस गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. टोयोटाचा यार्नो ट्रुली सर्वांत पुढे. गाड्या तयारीच्या फेरीला निघाल्या. ती फेरी संपत असताना मिशेलिनच्या चौदाही गाड्या एकामागून एक पिटमध्ये शिरल्या आणि थांबल्या. रांगेच्या रंगवलेल्या चौकटींवर सहा गाड्या उरल्या, त्याही आपापल्या मूळ जागी, मध्ये मोठमोठी रिकामी अंतरे ठेवून. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. दिवे विझले आणि शर्यत सुरू झाली.

आपल्याकडे तेव्हा रविवारची उशिराची रात्र होती. आमच्या खोलीत सुरुवातीला कोणाला काही कळलेच नाही. मग समालोचकाच्या आवाजावरून कळले. प्रेक्षक हुर्यो करत होते, मार्गावर बाटल्या आणि डबे फेकत होते, उठून चालले होते. सहा गाड्या ७३ फेऱ्या फिरत राहिल्या. शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा, जॉर्डनचा पोर्तुगीज चालक टियागो मॉन्टेरो तिसरा. आणि चौथा, जॉर्डनचाच नारायण कार्तिकेयन. कोइम्बतूरचा, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याला पाच गुण मिळाले.

५

त्या रात्री आणि पुढचे कित्येक आठवडे चाललेला वाद आज आठवताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. मार्चमध्ये आणि जूनमध्ये दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या होत्या. नियम अन्यायकारक आहे म्हणणारा फेरारीवाला आता नियमाच्या अक्षराला धरून बसला होता : योग्य टायर आणणे हे ज्याचे त्याचे काम, परीक्षेला येताना पेन विसरलात तर परीक्षा रद्द होत नाही. आणि 'जमवून घ्या' म्हणणारा मॅक्लारेनवाला आता नियमामागच्या हेतूची भाषा बोलत होता : नियम खेळासाठी असतो, नियमासाठी खेळ नसतो, आणि माणसाचा जीव पणाला लागल्यावर अक्षर कसले बघता?

याला दांभिकपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. मीही त्या वेळी तेच केले आणि दोघांची टिंगल केली. आज मला ते पुरेसे वाटत नाही. दोघांचेही युक्तिवाद, ते कोणाच्या तोंडी होते हे बाजूला ठेवले तर, खरे होते. नियम हा एक करार असतो. तो हंगामाआधी होतो, सर्वांसमक्ष होतो, आणि मध्येच मोडला तर ज्याने तो पाळला त्याची फसवणूक होते. त्याचबरोबर नियम हे एक साधनही असते. स्पर्धा व्हावी यासाठी ते घडवलेले असते, आणि ज्या दिवशी त्याच्यामुळे स्पर्धाच होत नाही त्या दिवशी ते आपल्या कामाला मुकलेले असते. पक्षपाती चाहता या दोन सत्यांपैकी आपल्या सोयीचे सत्य उचलतो हे खरे, पण उचलल्यावर ते तो शेवटपर्यंत लढवतो. मी, निःपक्षपाती, मध्ये बसून काहीच लढवत नव्हतो. नियमाचा पहिला अर्थ मला फेरारीवाल्याने शिकवला, दुसरा मॅक्लारेनवाल्याने. आपल्याकडच्या वाङ्मयीन वादांतही पक्षपात्यांनी केलेले काम पुष्कळदा असेच असते. मुक्तछंदाचे समर्थक आणि वृत्ताचे कैवारी भांडले नसते तर छंद म्हणजे काय हे आपण इतक्या बारकाईने विचारले असते का?

मात्र त्या वादात एक पक्ष गैरहजर होता, आणि तो आमच्यापैकी कोणाला सुचला नाही. तो होता मैदानातल्या माणसाचा. त्याने मार्चमध्ये नियम केला नव्हता, टायर बनवला नव्हता, पत्रे लिहिली नव्हती. त्याने तिकीट काढले होते. संघांचे आपापसांत करार होते, संघांचे महासंघाशी करार होते, कंपनीचे संघांशी होते. प्रेक्षकाशी असलेला करार कुठल्याच नियमपुस्तकात लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडल्याबद्दल नियमपुस्तकाला काही म्हणता आले नाही. पुढे मिशेलिनने त्या शर्यतीच्या तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीची वीस हजार तिकिटे विकत घेऊन देऊ केली. महासंघाच्या परिषदेने सात संघांना आधी काही आरोपांत दोषी ठरवले, आणि जुलै महिन्यात तो निर्णय मागे घेतला. म्हणजे अखेरीस दोषी कोणीच नव्हते. नियमाप्रमाणे सर्वांनी योग्यच वागून लाखभर माणसांसमोर सहा गाड्या धावल्या होत्या.

६

आता इतिहासाच्या नोंदीकडे वळू. हंगामाच्या शेवटी अलोन्सोचे १३३ गुण झाले, रायकोनेनचे ११२. दोघांनीही प्रत्येकी सात शर्यती जिंकल्या. अलोन्सो तोवरचा सर्वांत तरुण विजेता ठरला. संघांमध्ये रेनॉ १९१, मॅक्लारेन १८२. या दोन पहिल्या ओळींवर इंडियानापोलिसचा काहीच परिणाम नाही, कारण त्या दिवशी दोघांनाही शून्य मिळाले होते.

त्याखालच्या ओळी वाचाव्यात. शूमाकर ६२ गुणांसह तिसरा आहे. त्याच्यामागे मॅक्लारेनचा मोन्टोया ६० गुणांवर आणि रेनॉचा फिसिकेला ५८ गुणांवर. शूमाकरच्या ६२ मधले दहा इंडियानापोलिसचे. ते वजा केले तर तो पाचवा होतो. त्या वर्षीचा त्याचा आणि फेरारीचा तो एकमेव विजय. फेरारीचे एकूण गुण १००, टोयोटाचे ८८. इंडियानापोलिसचे अठरा वजा केले तर फेरारी टोयोटाच्या मागे जाते. जॉर्डनच्या बारा गुणांतले अकरा त्या दिवशीचे. मिनार्डीचे सातही गुण त्या दिवशीचे. तक्त्यात यांपैकी कशाशेजारीही फुली नाही, तळटीप नाही. दहा म्हणजे दहा.

आणि कार्तिकेयनचे पाच म्हणजे पाच. त्याच्या फॉर्म्युला वनमधल्या कारकिर्दीतले ते एकमेव गुण. २०११ आणि २०१२ साली तो पुन्हा उतरला, २०११ साली ग्रेटर नोइडाच्या बुद्ध मार्गावर झालेल्या पहिल्या भारतीय शर्यतीतही धावला, पण गुण मिळाले नाहीत. त्याच्यानंतर आलेल्या करुण चंढोकलाही गुण मिळाले नाहीत. म्हणजे या स्पर्धेतले भारतीय चालकांचे सर्व गुण, इंडियानापोलिसच्या त्या एका दुपारचे आहेत.

त्या रात्री आम्ही तिघांनी त्या पाच गुणांची चेष्टा केली होती. सहांत चौथा आला, त्यात काय? हे वाक्य मी पुढेही अनेकदा वापरले, आणि ते विनोदी असल्यामुळे खपूनही गेले. आता त्याविषयी मला अवघडल्यासारखे होते. त्या दिवशी जो संघ उभा राहिला त्याच्याकडे पैसा नव्हता, चांगली गाडी नव्हती. त्याच्याकडे योग्य टायर होते, आणि तेही निवडीने नव्हे, परिस्थितीने. रिकाम्या रांगेत, हुर्यो करणाऱ्या प्रेक्षकांसमोर, बाटल्या पडलेल्या मार्गावर ७३ फेऱ्या गाडी न चुकता चालवणे हे चालकाचे काम त्याने केले. सर्वांत वेगवान असल्याचा दावा त्याने केला नव्हता. मॉन्टेरो तिसऱ्या पायरीवर मनापासून आनंदला तेव्हा अनेकांना ते विचित्र वाटले. पण त्या तरुणाने आयुष्यभर जिची वाट पाहिली ती पायरी समोर आल्यावर त्याने खाली मान घालून उभे राहावे, ही अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करतो?

तक्ता खरे सांगतो, पण सगळे सांगत नाही. आठवण सगळे सांगू पाहते, पण ती खरे सांगेलच असे नाही. आमच्या आठवणीत त्या शर्यतीचा नुसता विनोद उरला, तक्त्यात नुसता आकडा. वाङ्मयेतिहासातही आपण हेच दोन अपराध आलटून पालटून करत असतो. एखाद्या कवीला अमुक साली अमुक पुरस्कार मिळाला एवढेच लिहितो, नाहीतर 'त्या वर्षी दुसरे कोणी नव्हतेच' असे म्हणून त्याची बोळवण करतो. तो त्या वर्षी लिहीत होता, आणि इतर काही कारणाने गप्प होते, ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहिण्याचा धीर आपल्याला क्वचितच होतो.

७

२००६ साली शर्यतीत टायर बदलण्याची मुभा परत आली. एका हंगामात नियम आला आणि गेला. २००६ अखेर मिशेलिन स्पर्धेतून बाहेर पडली आणि २००७ पासून सर्वांना एकच कंपनी टायर पुरवू लागली, म्हणजे अशा वादाचे मूळच नाहीसे करण्यात आले. २००७ नंतर फॉर्म्युला वन इंडियानापोलिसला परतली नाही. मिनार्डी २००६ साली दुसऱ्या नावाने धावली. जॉर्डनचा संघ दोन मालकांच्या हातून जाऊन २००८ साली 'फोर्स इंडिया' झाला. संघ-आदेशांवरची बंदी २०११ पासून उठवण्यात आली, कारण ती पाळली जात नव्हती आणि सिद्धही करता येत नव्हती.

वाद मात्र संपला नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी स्पा येथे मुसळधार पावसात प्रेक्षक तासन्‌तास बसून राहिले, सुरक्षा-गाडीच्या मागे काही फेऱ्या झाल्या, एकही ओलांडणी न होता निकाल लागला आणि अर्धे गुण वाटण्यात आले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला अबुधाबीला शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत विजेतेपद लुईस हॅमिल्टनकडून मॅक्स व्हर्स्टॅपेनकडे गेले. सुरक्षा-गाडी बाहेर असताना एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त त्या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ देण्यात आले होते. नियमात 'कोणत्याही गाड्या' असे शब्द होते. कोणत्याही म्हणजे काही, की कोणत्याही म्हणजे सगळ्या? पुढच्या हंगामासाठी तिथे 'सर्व गाड्या' असा शब्द घालण्यात आला. एका विशेषणाच्या अर्थावर जागतिक विजेतेपद फिरले. व्याकरण कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी आता हे उदाहरण देतो.

त्या डिसेंबरच्या रात्री माझ्या दोन्ही जुन्या मित्रांचे फोन आले. एक आता परदेशी असतो, एक नाशिकला. फेरारी आणि मॅक्लारेन दोघेही त्या लढतीत नव्हते, तरी दोघांनी दोन बाजू घेतल्या होत्या. एक म्हणत होता, शर्यत-संचालकाला तो अधिकार नियमाने दिलेला आहे. दुसरा म्हणत होता, नियमाचा हेतू बघ. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की या वेळी बाजू पुन्हा बदललेल्या आहेत. मी त्यांना तसे म्हटले नाही. मी विचारले, "आणि इंडियानापोलिसच्या वेळी तू काय म्हणाला होतास, आठवतंय का?"

दोघांनाही आठवत होते. मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचे म्हणणे आठवत होते.